बैल, रिंगण आणि सातबारा

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे असतो. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. त्याला जोडून आलेल्या सुट्टीत ओक्लाहोमा राज्यातल्या बोली नावाच्या खेड्यात दरवर्षी रोडिओ भरतो. 'बोली' म्हटलं की मराठी माणसाला भाषा आठवेल. हे मात्र एका रेल्वे अधिकाऱ्याचं आडनाव आहे. गाव एवढंसं. पीकन स्ट्रीट नावाचा एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती, त्यातल्या बऱ्याच बंद. पण त्या दोन-तीन दिवसांत टल्सा, ओक्लाहोमा सिटी, कॅन्सस, पार कॅलिफोर्नियापर्यंत पांगलेली माणसं गावात परत येतात. मिरवणूक निघते, मांस भाजण्याचा धूर रस्ताभर पसरतो आणि मग रिंगणात घोडे आणि बैल उतरतात. हे सगळं करणारी, बघणारी, बक्षीस देणारी-घेणारी माणसं बहुतेक सगळी कृष्णवर्णीय असतात. गावाचं म्हणणं असं की हा रोडिओ गावाइतकाच जुना आहे, म्हणजे १९०३ पासूनचा, आणि काळ्या समाजाने भरवलेला तो देशातला सर्वांत जुना रोडिओ आहे. तासाभराच्या अंतरावरचं ओकमल्गी गावही असाच मान सांगतं. तिथला रोडिओ १९५६ पासून खंड न पडता चालू आहे. दोन गावांचा हा लटका वाद मला आवडतो. आपल्याकडे कुठल्या गावची भीमजयंतीची मिरवणूक आधीची, यावर पैजा लागतात, तसाच.

ज्यांनी रोडिओ फक्त सिनेमात पाहिला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुरं राखणाऱ्यांच्या रोजच्या कामाचाच हा खेळ झाला आहे. पळत्या वासराला घोड्यावरून फास टाकून खाली उतरायचं आणि त्याचे पाय बांधायचे. उधळलेल्या बैलावर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं. घोड्यावरून पळत्या बैलावर झेप घेऊन शिंगं पिळून त्याला लोळवायचं. बायका पिंपांभोवती घोडा वळवत शर्यत लावतात. ओक्लाहोमातल्या काळ्या रोडिओंची स्वतःची एक खासियत आहे, पोनी एक्स्प्रेस. चार-चार स्वारांचे संघ, हातात दांडी, एकाने फेरी मारून दुसऱ्याला द्यायची. बघ्यांचा जीव सगळ्यात जास्त गुंततो तो यात, कारण इथे एकटा हिरो नसतो. अख्खा संघ जिंकतो नाहीतर हरतो, आणि संघ म्हणजे बहुतेक वेळा घरचीच पोरं, भाऊ, चुलतभाऊ.

काउबॉय म्हणजे गोरा माणूस, हे चित्र हॉलिवूडने जगभर विकलं. मराठी पोरांनीही ते विकत घेतलं. टेक्सासमध्ये १८६० साली सुमारे एक लाख ब्याऐंशी हजार गुलाम होते, लोकसंख्येच्या जवळपास तीस टक्के. यादवी युद्धात मालक लढायला गेले तेव्हा मागची गुरं याच लोकांनी सांभाळली. युद्ध संपलं, गुलामी गेली, आणि उत्तरेकडे गुरांचे कळप हाकायची वेळ आली तेव्हा ते काम येणारी माणसं मालकांना मजुरी देऊन ठेवावी लागली. दर चार काउबॉयमागे एक काळा असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कसब त्यांचं, पडद्यावर चेहरा दुसऱ्याचा. हा व्यवहार आपल्याला नवा नाही.

बैल लोळवण्याच्या त्या खेळाची गोष्ट तर सांगायलाच हवी. तो प्रकार रूढ केला बिल पिकेट या काळ्या काउबॉयने. जन्म १८७०, टेक्सास. कुत्रे गुरांचा ओठ दातात धरून त्यांना जेरीस आणतात हे त्याने पाहिलं, आणि घोड्यावरून बैलावर उडी घेऊन तो स्वतः बैलाचा ओठ दातात धरू लागला. पुढे ओक्लाहोमातल्या १०१ रँचच्या जत्थ्याबरोबर तो गावोगाव, देशोदेशी फिरला. काळ्या माणसाला गोऱ्यांबरोबर रिंगणात उतरू देत नसत, म्हणून काही ठिकाणी त्याला रेड इंडियन म्हणून जाहीर केलं जाई. १९३२ मध्ये घोड्याची लाथ लागून तो मेला. रोडिओच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते १९७१ मध्ये, मरणानंतर ३९ वर्षांनी. असा मान मिळालेला तो पहिला काळा माणूस. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं आणि त्यावर चित्र छापलं त्याच्या भावाचं! छापलेली तिकिटं परत बोलावून नवी काढावी लागली. जिवंतपणी त्याची जात लपवली, मेल्यावर चेहरा चुकवला. (हो, मी 'जात'च म्हणतो आहे. रंगाला तिथे जातीचंच काम होतं.)

त्यानंतरही दार उघडलं नाही. मर्टिस डाइटमन हा बैलस्वार १९६०च्या दशकात राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत पोचलेला पहिला काळा स्वार. जगज्जेता व्हायला मी आणखी काय करू, असं त्याने एका गोऱ्या दिग्गजाला विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की बाबा, चढतोस तसाच चढत राहा, फक्त गोरा हो. सांगणारा वाईट माणूस नव्हता, डाइटमनचा दोस्तच होता. व्यवस्था कशी चालते ते त्याने साध्या शब्दांत सांगितलं, एवढंच. डाइटमन जगज्जेता झाला नाही. बैलस्वारीचं जगज्जेतेपद काळ्या माणसाकडे आलं ते १९८२ मध्ये, चार्ली सॅम्पसनच्या रूपाने.

गोऱ्यांच्या रिंगणात घेत नाहीत म्हणून लोकांनी स्वतःची रिंगणं उभी केली, असं काळ्या रोडिओंबद्दल नेहमी लिहिलं जातं. ओकमल्गीचा रोडिओ याच कारणाने सुरू झाला. पण माझं मन तिथेच अडतं. स्वतःचं रिंगण उभं करायचं तर ते कुठे करायचं? कुणाच्या जमिनीवर? रोडिओला मोकळं मैदान लागतं, कुंपण लागतं, बैल-घोडे लागतात, त्यांना चारा लागतो. मिरवणुकीला रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर तुम्हाला अडवणारं कुणी नसावं लागतं. यातलं एकही जिद्दीने पैदा होत नाही. बोलीला ते कसं मिळालं, हे मला रोडिओपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

ओक्लाहोमा हे राज्य व्हायच्या आधी तो आदिवासी राष्ट्रांचा प्रदेश होता. दक्षिणेतून हुसकावून तिथे आणलेल्या मस्कोगी, म्हणजे क्रीक राष्ट्रातल्या काही लोकांकडे स्वतःचे काळे गुलाम होते. पिळलेल्यांनीही कुणाला तरी पिळलं होतं. उतरंड म्हणजे काय ते आपल्याला शिकवायला नको. यादवी युद्धानंतर १८६६ च्या तहाने या मुक्त झालेल्या लोकांना क्रीक राष्ट्राचं नागरिकत्व मिळालं. पुढे अमेरिकी सरकारने आदिवासींची सामाईक जमीन मोडून ती माणशी वाटली, तेव्हा नागरिक म्हणून या काळ्या कुटुंबांनाही प्रत्येकी १६० एकर मिळाले. लहान मुलांच्या नावावरसुद्धा. त्या वाटपाने आदिवासींचं फार मोठं नुकसान केलं, हे विसरून चालणार नाही. पण अमेरिकेच्या इतिहासात गुलामीतून सुटलेल्यांना खरोखर जमीन मिळाली अशी जी थोडी उदाहरणं आहेत त्यातलं हे एक. दक्षिणेत चाळीस एकरांचं आश्वासन हवेत विरलं, इथे १६० एकरांचा कागद हातात आला. त्यापैकी ॲबिगेल बार्नेट हिच्या वाट्याच्या जमिनीवर १९०३ मध्ये बोली वसलं. एका मुलीच्या नावचा सातबारा, आणि त्यावर गाव.

गोऱ्या रेल्वेवाल्यांचा यात हात होता आणि त्यांची स्वतःची गणितं होती, स्टेशन चालायला वस्ती हवी होती. पण जाहिरात वाचून दक्षिणेतून गाड्या भरभरून माणसं आली. बँक उघडली, कापसाचे जिन उभे राहिले, शाळा आली, गावाचं वर्तमानपत्र निघालं, पोलीस काळे, न्यायाधीश काळे. १९०५ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन येऊन गेले आणि त्यांनी पुढे या गावाबद्दल फार कौतुकाने लिहिलं. ओक्लाहोमात अशी पन्नासहून जास्त काळी गावं वसली होती. आज तेरा उरली आहेत.

बाबासाहेबांना हेच हवं होतं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाच्या परिषदेत ठराव झाला की अस्पृश्यांची हिंदू गावांपासून वेगळी, स्वतंत्र गावं वसवावीत आणि त्यासाठी सरकारने पडीक जमीन द्यावी. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी हीच मागणी वसाहत आयोगाच्या रूपात कलमांत बांधून मांडली. आपल्याकडे ही मागणी बहुतेक वेळा एका अर्थाने वाचली जाते: अत्याचारापासून संरक्षण, बहिष्कारातून सुटका. तो अर्थ आहेच. पण बोलीचा रोडिओ पाहिला की दुसराही दिसतो. स्वतंत्र गाव म्हणजे स्वतःची जत्रा. कुणाचा घोडा पुढे, कुणाचा मागे, हे ज्या गावात जन्मावर ठरत नाही ते गाव. हसण्या-खेळण्याचा, पैजा लावण्याचा, पोरांना मिरवण्याचा हक्क. आपल्या चळवळीच्या मागण्यांच्या यादीत हा हक्क क्वचितच लिहिलेला असतो, बहुधा तो फार हलका वाटतो म्हणून. मला तो हलका वाटत नाही.

आमच्या विदर्भातल्या गावचा पोळा सांगतो. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली बैलांची रांग. पाटलाच्या मानाच्या बैलाचं मखर सगळ्यात पुढे, मग जमिनीप्रमाणे आणि जातीप्रमाणे बाकीचे. झडत्या म्हणून झाल्या, तोरण तुटलं की बैल सुटायचे. आमच्या वस्तीतल्या ज्या दोन-चार घरांकडे बैलजोडी होती त्यांनी कुठे उभं राहायचं हे कुणी बोलून दाखवत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या बैलांच्या अंगावरची एकेक वस्तू बघा. कासरा, दावं, वेसण वळलेली मांगवाड्यात. गळ्यातला घुंगरांचा पट्टा आणि आसूड चांभाराच्या हातचा. हलगी कुणाची, ते विचारायला नको. आणि तोच बैल मेला की ओढून नेणारे आम्ही. जिवंत बैलाचा मान एकाचा, मेलेल्या बैलाचं ओझं दुसऱ्याचं, आणि दोन्हींच्या मध्ये जे कसब आहे त्याचं नाव कुठेच नाही. बिल पिकेटला रेड इंडियन म्हणून उभं करणारी माणसं आणि आमचे पोळ्याचे मानकरी, यांची गाठ पडली असती तर त्यांना दुभाष्या लागला नसता.

तमिळनाडूच्या जल्लीकट्टूतही देवळाचा बैल आधी सुटतो आणि त्याला कुणी हात लावायचा नसतो. पहिला मान कुणाचा यावरून तिथे जातीजातींत तंटे होत आले आहेत. पण १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जल्लीकट्टू, कंबळा आणि आपली बैलगाडा शर्यत, तिन्हींना मान्यता देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले, तेव्हाचा सगळा वाद आठवून पाहा. एका बाजूला प्राणिमित्र, दुसऱ्या बाजूला संस्कृतिरक्षक. बैलाला वेदना होतात की नाही, परंपरा किती शतकांची. त्या रिंगणात माणसांची उतरंड कशी लागते, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सुचला नाही. रोडिओतही जनावरांचे हाल होतात, काळ्या रोडिओतही होतात. ती टीका मला मान्य आहे. पण बैलाच्या वेदनेवर वर्षानुवर्षं बोलणाऱ्या देशात बैल ओढणाऱ्याच्या वेदनेवर बोलायला ११ जुलै २०१६ चं ऊना घडावं लागलं.

बोलीची गोष्ट गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि त्याच्या विधिमंडळाने पहिला कायदा केला तो रेल्वेत काळ्यांचे डबे वेगळे करण्याचा. १९१० मध्ये अशी अट घातली की ज्यांच्या आजोबा-पणजोबांना मत होतं त्यांना साक्षरतेच्या परीक्षेतून सूट. गुलामांच्या नातवंडांना ती सूट कुठून मिळणार? पाच वर्षांनी ती अट सर्वोच्च न्यायालयाने मोडली, पण तोवर मतं गेली होती. बोली ज्या ओकफस्की काउंटीत आहे तिथेच, ओकीमाजवळ, मे १९११ मध्ये लॉरा नेल्सन या काळ्या बाईला आणि तिच्या किशोरवयीन मुलाला जमावाने नदीच्या पुलावरून फासावर लटकवलं आणि त्याचे फोटो पोस्टकार्ड म्हणून विकले. आई आणि लेकरू. मला ते वाचताना २००६ चं खैरलांजी आठवल्याशिवाय राहत नाही. स्वतःचं गाव असलं तरी त्याच्या सीमेबाहेर देश त्यांचाच होता. मग कापसाचा भाव पडला, मंदी आली. १९३२ मध्ये गावच्या बँकेवर प्रीटी बॉय फ्लॉइडच्या टोळीतले दरोडेखोर आले. गावकऱ्यांनी बंदुका घेऊन त्यांना घेरलं, टोळीचे दोघे मारले, पण बँकेचे अध्यक्ष डी. जे. टर्नर गेले. १९३९ मध्ये रेल्वेच बंद पडली. पोरं शहरांकडे निघून गेली.

तरीही मे महिन्यात ती परत येतात. म्हातारी झाली तरी येतात. वर्षभर टल्साच्या कारखान्यात किंवा ओक्लाहोमा सिटीच्या दवाखान्यात नोकरी करणारा माणूस त्या दिवशी टोपी घालून घोड्यावर बसतो आणि पीकन स्ट्रीटवरून जातो. वेगळी वस्ती म्हणजे वेगळेपणा, म्हणजे कोंडवाडा, अशी टीका बाबासाहेबांच्या मागणीवर तेव्हाही झाली आणि आजही काही पुरोगामी मित्र करतात. त्यांना मी एवढंच विचारतो की कोंडवाड्यात कुणी सुट्टी काढून, पैसे खर्चून, लेकराबाळांसह परत जातो का? आमच्या पिढीने गाव सोडलं ते परत न येण्यासाठी. मला पोळ्याला घरी जावंसं कधी वाटलं नाही. दीक्षाभूमीला जावंसं वाटतं, चैत्यभूमीला जावंसं वाटतं. जिथे आपल्याला कुणी रांग लावून देत नाही तिथेच माणूस परत जातो.

गेल्या काही वर्षांत काळा काउबॉय फॅशनमध्ये आला आहे. २०२४ मध्ये बियॉन्सेने 'काउबॉय कार्टर' हा अल्बम काढला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर टोप्या आणि बूट झळकले. चांगलं आहे, पुसलेला चेहरा परत दिसतो आहे. पण १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे नऊ लाख पंचवीस हजार काळे शेतकरी होते. आता ते पन्नास हजारांहूनही कमी, एकूण शेतकऱ्यांच्या दीड टक्क्याच्या आत. कर्ज नाकारलं गेलं, वारसाहक्काच्या कागदांत जमिनी गेल्या, फसवणूक झाली, दहशत झाली. चेहरा परत येतो आहे आणि पायाखालची माती जाते आहे. आपल्याकडेही हलगी आता सांस्कृतिक महोत्सवाच्या मंचावर चढली आहे. वाजवणाऱ्याच्या नावावर गुंठा आहे का, हे विचारलं की आयोजक घड्याळाकडे बघतात.

क्रीक राष्ट्राने तर १९७९ च्या आपल्या घटनेत नागरिकत्वाला रक्ताची अट लावून या मुक्त लोकांच्या वंशजांना बाहेर काढलं होतं. ते वंशज कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये त्या राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६६ च्या तहाच्या बाजूने निकाल दिला. एकशे साठ वर्षांपूर्वीचा कागद त्यांनी सोडला नाही.

आपणही कागद सोडलेला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसांनी तुरुंग भरले. ऊनानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली गुरं उचलायचं थांबवलं आणि घोषणा दिली की गाईचं शेपूट तुम्हीच ठेवा, आम्हाला आमची जमीन द्या. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती साडेसोळा टक्क्यांवर आहेत, कसल्या जाणाऱ्या जमिनीतला त्यांचा वाटा नऊ टक्क्यांच्याही आत. महाराष्ट्रात १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची ताबेदारी नियमित करण्याचा शासनाचा निर्णय आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची तारीख मुद्दाम निवडलेली. तरी हजारो कुटुंबं अजून तलाठ्याच्या दारात उभी आहेत, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय निघाला तेव्हा गावोगाव नोटिसा वाटल्या गेल्या. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी मे २०१४ मध्ये आली. ती उठवण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा केला २०१७ मध्ये, सगळ्या पक्षांच्या हातांनी. त्याला तीन वर्षं लागली.